पोर्ट्रेटमधली जागा कोण निवडतं?

एका फोटोग्राफरचा प्रश्न असा आहे: "सहा वर्षं पोर्ट्रेट करतोय. प्रकाश, लेन्स, एडिटिंग यांवर हात बसलाय. पण सगळे फोटो शेजारी शेजारी मांडले की माणसं वेगळी आणि फोटो एकच, असं वाटतं. आता माणसाची ओळख आणि तो ज्या जागेचा आहे ती जागा यांवर एक मालिका करायची आहे. सुरुवात कुठून करू? माणूस त्याच्या वातावरणात दाखवला की काम होतं का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण खरी मेख तिथंच आहे. नाही, तेवढ्यानं काम होत नाही. कुंभार चाकापाशी, डॉक्टर स्टेथोस्कोपसह, लेखक पुस्तकांच्या कपाटासमोर उभा केला की फोटोत व्यवसाय येतो. माणूस येईलच असं नाही. मी स्वतः पहिली दहा-बारा वर्षं हेच करत होते. त्यातले बरेच फोटो छापून आले, लोकांना आवडले, आणि त्यामुळेच चूक लक्षात यायला आणखी वेळ लागला.

ती लक्षात आणून दिली पुस्तकं बांधणाऱ्या एका गृहस्थांनी. वय सत्तरीच्या आसपास, एका अरुंद खोलीत काम. छताला टेकलेले कागदाचे गठ्ठे, लोखंडी दाबयंत्र, खळीचं भांडं, दोऱ्याची रिळं, वरच्या झरोक्यातून तिरका उतरणारा उजेड. फोटोग्राफरला आणखी काय हवं? मी तीन दिवस गेले. त्यांना दाबयंत्राच्या चाकावर हात ठेवून उभं केलं, उजेड अर्ध्या चेहऱ्यावर घेतला, मागचे गठ्ठे अंधारात हळूहळू विरत जातील असं पाहिलं. मोठा प्रिंट करून त्यांना द्यायला गेले. त्यांनी चष्मा लावला, प्रिंट उजेडाकडे धरला, बराच वेळ न्याहाळला आणि मनापासून म्हणाले, "मशीन फार छान आलंय."

ते मला लागलं, कारण ते खरं होतं. फोटो मशीनचा होता. ते त्याच्या शेजारी उभे होते.

पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न मी तेव्हा विचारला: "तुमचा फोटो कुठं काढावा असं तुम्हाला वाटतं?" त्यांना विचार करावा लागला नाही. मागच्या दारानं मला बाहेर नेलं. तिथं तीन दगडी पायऱ्या होत्या आणि बाजूला नुसती भिंत. काम संपलं की हात धुऊन ते रोज मधल्या पायरीवर अर्धा तास बसत. पाठ टेकायच्या ठिकाणी भिंतीचा रंग घासून गुळगुळीत झाला होता, खांद्याएवढ्या रुंदीचा काळपट डाग पडला होता. ते बसले आणि मागे न बघता पाठ नेमकी त्या डागावर टेकली. हात गुडघ्यांवर उपडे ठेवले. नखांच्या कडेला वाळलेली खळ होती, धुऊनही न निघालेली. मी काही सांगितलं नाही. सहा-सात फ्रेम काढल्या असतील. त्या फोटोत एकही पुस्तक नाही. बघणारे अजून विचारतात, हे काय काम करायचे? त्यांच्या मुलीनं मात्र पाहताक्षणी म्हटलं, "बाबा असेच बसतात."

'अंगवळणी पडणं' हा आपला शब्दप्रयोग या बाबतीत फार नेमका आहे. जागा अंगाला वळण लावते. कुठल्या पायरीवर बसायचं, कुठल्या दारातून जाताना मान आपोआप खाली घालायची, कुठल्या खिडकीशी उभं राहिलं की हात गजाकडे जातो, हे शरीराला ठाऊक असतं. तुम्हाला मालिकेत जागा हवी असेल तर ती या वळणात शोधा. मागच्या भिंतीवर काय टांगलंय ते नंतर बघता येतं. आणि हे वळण कुठल्या ठिकाणी आहे ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही, माणसालाच विचारावं लागतं. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे: जागा त्याला निवडू द्या. अंतर, उंची आणि वेळ तुम्ही निवडा.

आता तुमच्या फोटोंच्या सारखेपणाबद्दल. गेल्या सहा वर्षांतले चाळीसेक फोटो पोस्टकार्डाएवढे छापून जमिनीवर मांडा आणि प्रत्येकातला चेहरा कागदाच्या कपट्यानं झाका. खांदे, हात, बसण्याची ढब, आजूबाजूची जागा, एवढ्यावरून कोण कुठला ते सांगता येतं का पाहा. येत नसेल, तर त्या फोटोंत चेहरा सोडून बाकी सगळं तुमचं आहे: तुमची आवडती लेन्स, तुमचं ठरलेलं अंतर, 'हनुवटी जरा खाली, खांदा इकडे' ही तुमची ठरलेली सूचना. मी हे केलं तेव्हा माझ्या चाळीसपैकी तिसाहून जास्त फोटोंत माणसं डावा खांदा पुढे करून उभी होती. कुणाच्या अंगात तो खांदा मुळात नव्हता. तो मी लावला होता.

'ओळख' या शब्दाकडेही थोडं थांबून बघू या. मराठीत ओळख पटते आणि ओळख होते, आणि या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. १८८० च्या दशकात पॅरिस पोलिसांत अल्फोन्स बर्तियाँ यानं गुन्हेगारांच्या नोंदीची पद्धत बसवली. त्यात शरीराची मापं होती आणि ठरावीक अंतरावरून, ठरावीक उजेडात घेतलेले दोन फोटो: एक समोरून, एक बाजूनं. आजचा पासपोर्टचा फोटो त्याच घराण्यातला. त्याचं काम ओळख पटवणं. त्यासाठी माणसाकडून त्याची ढब, त्याचा कल, त्याची जागा सगळं काढून घ्यावं लागतं. पोर्ट्रेटचं काम ओळख होणं. ती एका भेटीत क्वचित होते आणि दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. तुमचे फोटो एकसारखे दिसतात याचं एक कारण हेही असू शकतं की नकळत तुम्ही ओळख पटवण्याची पद्धत वापरताय, फक्त उजेड सुंदर आहे.

हा पेच आपल्या माध्यमाइतकाच जुना आहे. जर्मनीतल्या ऑगस्ट झांडरचं काम तुम्ही पाहिलं असेल. विसाव्या शतकातल्या जर्मन समाजाचं संपूर्ण चित्र उभं करायचं, शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत आणि बेरोजगारापर्यंत, असा त्याचा आयुष्यभराचा प्रकल्प होता. त्यातले ६० फोटो १९२९ साली पुस्तकरूपात आले. १९३६ मध्ये नाझींनी त्या पुस्तकाच्या छपाईच्या प्लेट नष्ट केल्या. झांडर फोटोखाली बहुतेकदा नाव लिहीत नसे, व्यवसाय लिहायचा: आचारी, वकील, शेतकरी. म्हणजे त्याला प्रकार हवे होते. तरीही ते फोटो आज जिवंत वाटतात. मला त्याचं कारण वेळेत दिसतं. मोठा प्लेट कॅमेरा, लांब एक्सपोजर. समोरच्याला स्थिर उभं राहावं लागे, आणि त्यासाठी तो स्वतःला सावरून, आपल्याला योग्य वाटेल तसा उभा राही. १९२८ सालचा त्याचा मिठाईवाला आचारी पाहा. भांडं एका हातात, पळी दुसऱ्या हातात, भलंथोरलं शरीर, आणि उभं राहण्यात अशी ऐट की हे स्वयंपाकघर कुणाचं ते विचारायची गरजच पडू नये. तिथं भांडं शोभेची वस्तू म्हणून आलेलं नाही. ते त्या हाताचं वजन आहे.

याच्या बरोबर उलट्या टोकाला सेदू केइता. मालीमधल्या बामाकोत त्यानं १९४८ च्या सुमारास स्टुडिओ सुरू केला. मागे लावायला घरातली नक्षीदार चादर, उजेड नैसर्गिक, आणि गिऱ्हाइकांसाठी घड्याळ, रेडिओ, कोट-टाय असलं सामान हाताशी. लोक यायचे आणि आपल्याला कसं दिसायचंय ते ठरवायचे. कुणी हातात रेडिओ घेई, कुणी घड्याळ दिसेल असं मनगट पुढे करी. बाहेरचं शहर फोटोत दिसत नाही, पण स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचं ते शहर स्वतःकडे कसं बघत होतं ते दिसतं. रेडिओ उसना असेल, तो धरण्यातली इच्छा त्या माणसाची स्वतःची होती. 'ओळख' म्हटलं की आपण जे आहे त्याच्याच मागे लागतो. माणसाला जे व्हायचंय तेही त्याच्या ओळखीत येतं. त्यामुळे तुमच्या मालिकेत कुणी इस्त्रीचे कपडे घालून आलं तर 'रोजचेच घाला' असं सांगून त्याला परत पाठवू नका. मी पाठवलंय. त्याचं अजून वाईट वाटतं.

जागा दिसायलाच हवी का? नाही. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडननं १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात फिरून खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर, भटके यांचे फोटो काढले. मोठा कागद पांढरा शुभ्र, सावलीत टांगलेला, ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा मोठा कॅमेरा. पश्चिमेचं आकाश नाही, रस्ता नाही. पण कोळशाची भुकटी चेहऱ्यावर आहे, तेलाचे डाग कपड्यांवर आहेत, आणि उभं राहण्यातला थकवा लपत नाही. जागा अंगावर आलेली आहे. त्याच्यावर टीका झाली की त्यानं पश्चिमेचं उदास, कठोर चित्र स्वतःच्या मनाप्रमाणे रंगवलं, आणि मला त्या टीकेत तथ्य वाटतं. पांढरा कागद तटस्थ नसतो. माणसाला त्याच्या मुलखातून उचलून तुमच्या मुलखात आणतो, आणि तिथं नियम तुमचे. फोटोग्राफर अर्व्हिंग पेनबद्दलही हेच म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये १९४८ मध्ये त्यानं दोन पडद्यांचा अरुंद कोपरा करून नामवंतांना त्यात उभं केलं. कुणी त्यात आक्रसलं, कुणी दोन्ही बाजूंना हात टेकवून कोपराच आपला करून टाकला. ती जागा सर्वस्वी फोटोग्राफरची होती आणि फोटो थोर आहेत. म्हणजे जागा तुम्ही निवडलीत तर पाप नाही. फक्त मग ती मालिका 'त्यांच्या जागेबद्दल' आहे असं म्हणू नका.

डच फोटोग्राफर रिनेके डाइक्स्ट्रा हिचं काम मी शिकवताना सर्वांत जास्त वापरते. १९९२ पासून तिनं वेगवेगळ्या देशांतल्या समुद्रकिनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढले. प्रत्येक फोटोत वाळू, पाणी, आकाश, आणि मधोमध एक मूल, पोहण्याच्या कपड्यांत. जागा सगळीकडे जवळपास तीच, म्हणून नजर ढबीवर जाते: वजन एका पायावर, हात कुठं ठेवावा ते न कळणं, पोट आत ओढणं. याची सुरुवात तिच्या स्वतःच्या फोटोपासून झाली होती. सायकल अपघातानंतर बरं होण्यासाठी ती पोहत होती, आणि १९९१ मध्ये एका दिवशी दमून पोहण्याच्या तलावातून बाहेर आल्यावर तिनं स्वतःचं पोर्ट्रेट काढलं, पोझ घ्यायचीही ताकद नसताना. पुढं नेदरलँड्समध्ये आश्रयाला आलेल्या एका बोस्नियन मुलीचे फोटो तिनं १९९४ पासून पुढची चौदा वर्षं काढले, दर वेळी खुर्चीवर बसलेली. पहिल्या फोटोत पाय जमिनीला टेकत नाहीत. शेवटच्या फोटोत मांडीवर तिचं स्वतःचं बाळ आहे. एका देशातून दुसऱ्या देशात रुजणं म्हणजे काय, ते नकाशा न दाखवता दिसतं. ही मालिका करण्याआधी तुम्हीही एकदा दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यासमोर तासभर बसा. हात कुठं ठेवू हा प्रश्न स्वतःच्या अंगावर आल्याशिवाय कळत नाही.

आता तंत्र, थोडक्यात, कारण तुमचा हात बसलाय. पण बसलेला हातच इथं आड येईल.

८५ मिलिमीटरची लेन्स, एफ १.४ (म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं), माणूस दोन मीटरवर. मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर चार-पाच सेंटिमीटर खोलीच शार्प राहते. डोळा शार्प, कान गेला, मागची जागा लोण्यासारखी वितळली. दिसतं सुंदर, पण ज्या जागेबद्दल बोलायचंय तीच तुम्ही पुसून टाकलीत. ३५ मिलिमीटर, एफ ८ (तोंड बरंच लहान), अडीच मीटरवर फोकस: आता साधारण पावणेदोन मीटरपासून जवळजवळ पाच मीटरपर्यंत सगळं वाचता येतं. मग मात्र मागची प्रत्येक गोष्ट बोलायला लागते, वायर, बादली, कॅलेंडर, आणि फ्रेम जुळवायला दुप्पट वेळ जातो. तो द्या. ट्रायपॉड लावा आणि कॅमेरा छातीच्या उंचीवर आणा. डोळ्यांच्या उंचीवरून, त्यातही उभ्यानं बसलेल्या माणसाचा फोटो काढला की जमीन जास्त येते आणि माणूस तिच्यात खचल्यासारखा दिसतो.

चेहऱ्याचे प्रमाण लेन्सनं बदलत नाही, अंतरानं बदलतं. नाकाचं टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचं अंतर धरा. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कानाच्या तुलनेत नाक सुमारे ४० टक्के मोठं उमटतं. दीड मीटरवरून तोच फरक ८ टक्क्यांवर येतो. हे सांगायचं कारण असं की लोकांना स्वतःचा चेहरा फोनवरून आणि आरशातून माहीत असतो. एकात अंतर फार कमी, दुसऱ्यात डावं-उजवं उलटं. त्यामुळे तुमचा नीट काढलेला फोटो बघून कुणी म्हणालं की मी असा दिसत नाही, तर ते तुमच्या कामावरचं मत समजू नका. त्याला त्याचा चेहरा पहिल्यांदाच या अंतरावरून दिसतोय. हे त्याला समजावून सांगा.

उजेडाबद्दल एकच आग्रह. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या छटेकडे ओढतो. सावळ्या माणसाच्या मागे उजळ खिडकी असेल तर तो चेहरा अंधारात बुडवतो, आणि मग घाईत जोरदार फ्लॅश मारून लोक खोलीच उडवून टाकतात. आधी चेहऱ्यावरचा उजेड मोजा, माणसाला खिडकीच्या बाजूला थोडं वळवा, फ्लॅश लागलाच तर आजूबाजूच्या उजेडापेक्षा एक-दीड स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). आणि एडिटिंगमध्ये त्वचा उजळवू नका. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची. लॅबमध्ये त्यांच्यावरून रंग जुळवत आणि त्यांवर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच चेहरा असे. बाकीच्या सगळ्यांची कातडी त्या मापानं छापली गेली. ओळखीवर काम करायचं म्हणता आणि माणसाचा रंगच बदलता, हे मला सहन होत नाही.

कामाला सुरुवात पाच माणसांपासून करा. पन्नास नकोत. प्रत्येकाकडे तीन फेऱ्या धरा आणि पहिल्या फेरीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या. 'तुमची ओळख काय?' असं विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. त्याऐवजी साधं विचारा. घरात कुणी नसताना तुम्ही कुठं बसता? दिवसातला कुठला वेळ तुमचा असतो? कुठं उभं राहायला नको वाटतं? हा तिसरा प्रश्न मी एका बाईंकडून शिकले.

जुनी घरं सोडून नव्या ठिकाणी गेलेल्या लोकांवर मी मालिका करत होते. कल्पना पक्की होती: प्रत्येकाला त्याच्या जुन्या घरासमोर उभं करायचं, घर पडकं, उजेड संध्याकाळचा. एक बाई जुन्या इमारतीपाशी आल्या, पण फाटकाच्या आत पाय टाकेनात. मी आग्रह केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "इथं मी राहिले नाही हो, दिवस काढले." मग त्यांनी मला नव्या घरी नेलं. तिसऱ्या मजल्यावरचं दार, दारावर पाटी, आणि पाटीवर फक्त त्यांचं नाव. आयुष्यात पहिल्यांदा. तिथं जिन्यात खिडकी नव्हती, भिंतीला कुठलाही स्वभाव नसलेला फिकट रंग, डोक्यावर ट्यूबलाइट. फोटोग्राफर म्हणून मला ती जागा अजिबात नको होती. त्या पाटीजवळ उभ्या राहिल्या आणि एक हात मागे कडीवर ठेवला, आतून कुणी दार लावून घेणार नाही याची खात्री करावी तसा. त्या एका फोटोनं मालिकेचा 'हरवलेलं घर' हा विषय मोडला. मी आधी काढलेले नऊ फोटो बाजूला ठेवले आणि सगळ्यांना पुन्हा विचारायला गेले. चार जणांनी जुनंच घर निवडलं, पण आता ते त्यांनी निवडलेलं होतं.

लोकांकडे तुमची कल्पना घेऊन जायला माझी हरकत नाही. कल्पनेशिवाय पाऊलच उचलत नाही. ती मोडायची तयारी हवी, कारण न मोडता जपलेल्या कल्पनेनं आपल्या माध्यमात फार नुकसान केलंय. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड कर्टिसनं १९१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी पीगन जमातीच्या तंबूतला एक फोटो काढला. दोन माणसांच्या मधे एक घड्याळ होतं. 'लोप पावत चाललेली जमात' या त्याच्या कल्पनेत घड्याळ बसत नव्हतं, म्हणून रीटच करून ते पुसलं गेलं. त्या घड्याळात त्या माणसांचा वर्तमानकाळ होता. फोटोग्राफर डोरोथिया लँगनं १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर गेला, पण लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे आणि मूळ रहिवाशांपैकी चेरोकी जमातीची आहे, हे लोकांना कळायला १९७८ साल उजाडावं लागलं. फोटो श्रेष्ठच आहे. पण चाळीसेक वर्षं जग तिला मंदीच्या काळातली गोऱ्या अमेरिकेची आई समजत राहिलं. नाव विचारायला एक मिनिट लागतं.

म्हणून नाव विचारा, आणि फोटोखाली काय लिहू हेही विचारा. काहींना पूर्ण नाव हवं असतं, काहींना फक्त टोपणनाव, काहींना काहीच नको. दक्षिण आफ्रिकेत झनेले मुहोली यांनी २००६ पासून कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स व्यक्तींची पोर्ट्रेट काढली. ते समोरच्या व्यक्तीला 'विषय' म्हणत नाहीत, सहभागी म्हणतात, आणि नाव, ठिकाण, वर्ष यांची नोंद ठेवतात. जिथं उघड ओळखीनं जिवाला धोका असू शकतो तिथं नाव देण्याचा निर्णय त्या व्यक्तीचाच असावा लागतो. फॉर्मवर सही घेतली म्हणजे संमती मिळाली असं मी धरत नाही. फोटो निवडल्यावर पुन्हा दाखवते, प्रदर्शनाआधी पुन्हा विचारते. दोनदा लोकांनी माघार घेतली. त्यातला एक फोटो माझ्या उत्तम फोटोंपैकी होता. तो पेटीत आहे आणि पेटीतच राहील.

चेहरा हवाच, हाही एक समज. जव्हार परिसरातल्या कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या आदिवासी कलाकारांबरोबर फोटोग्राफर गौरी गिल हिनं केलेलं काम शोधून पाहा. परंपरेतले देवादिकांचे मुखवटे सोडून त्यांनी रोजच्या जगण्यातले, माणसांचे, प्राण्यांचे, टीव्हीसारख्या वस्तूंचेही मुखवटे केले आणि गावकरी ते लावून आपापल्या जागी, आपापल्या कामात उभे राहिले. एकही चेहरा दिसत नाही, तरी खांद्यांवरून, बसण्यावरून माणूस कळतो. मी मघाशी सांगितलेला कागदाच्या कपट्याचा प्रयोग तिथं पूर्णत्वाला गेलाय.

निवड करताना स्क्रीनवर बसू नका. लहान प्रिंट भिंतीला लावा आणि महिनाभर येता-जाता बघा. जो फोटो मथळ्याशिवाय उभा राहत नाही तो उतरवा. माणूस नसलेले जागेचे फोटोही मधे मधे येऊ द्या, पण त्यात रिकामी खुर्ची नको, ती फार लवकर बोलते. माझ्या बुकबाइंडरच्या फोटोशेजारी मी त्याच भिंतीचा, ते बसलेले नसतानाचा फोटो लावला होता, नुसता डाग. दोन आठवड्यांनी काढून टाकला. पहिल्या फोटोत जे हळूहळू सापडत होतं ते दुसरा फोटो बोट दाखवून सांगत होता.

आणि पहिले प्रिंट माणसांना नेऊन द्याल त्या दिवशी कॅमेरा बरोबर ठेवा. प्रिंट पाहिल्यावर माणसाला पहिल्यांदा कळतं की तुम्ही काय शोधताय, आणि मग तो स्वतः शोधायला लागतो. पायरीवरचा फोटो त्या गृहस्थांना दिला तेव्हा त्यांनी तसाच चष्मा लावला, तसाच प्रिंट उजेडाकडे धरला. मशीनबद्दल काही म्हणाले नाहीत. भिंतीवरच्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "सकाळी नऊला इथं ऊन येतं. तेव्हा या एकदा."